चिठ्ठीतली खालची ओळ

आमच्या आक्काच्या पत्र्याच्या पेटीत डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांची एक गड्डी आहे. सहा वर्षांच्या चिठ्ठ्या, रबर लावून ठेवलेल्या. मी हिंगोलीच्या मोंढ्यात एका आडत दुकानावर वीस वर्षं हिशेब लिहिले. कागदांचा ढीग दिसला की तो तारखेवार लावल्याशिवाय मला राहवत नाही. गेल्या वर्षी आक्काच्या उजव्या पायाचं बोट काढावं लागलं, तेव्हा दवाखान्याच्या बाकड्यावर बसून मी ती गड्डी लावत होतो. प्रत्येक चिठ्ठीत वर गोळ्यांची नावं होती आणि अगदी खाली एक शिक्का मारलेला होता: ‘गोड बंद, रोज चालणे, पायांची काळजी, ताण टाळा.’

गोळ्या पाठवायचं काम माझं. ते मी सहा वर्षं चोख केलं. दर महिन्याला हिंगोलीत गोळ्या घ्यायच्या आणि गावाकडं जाणाऱ्या काळीपिवळीवाल्याच्या हातात पिशवी द्यायची. माझ्या वहीत तेवढ्यानं उपचाराचं खातं मिटत होतं. शिक्क्यातल्या चार गोष्टी कोणत्याच मेडिकलवर मिळत नव्हत्या, आणि त्यासुद्धा कुणीतरी पोचवायच्या असतात हे माझ्या डोक्यात कधी आलं नाही. पुढं कळलं, की मधले चार महिने तिनं गोळ्याही घेतल्या नव्हत्या. एका तपासणीत साखर ‘नॉर्मल’ आली, त्या दिवसापासून गोळ्या बंद. ताप उतरल्यावर आपण गोळी बंद करतो, तसं. मी पाठवलेल्या भरल्या पट्ट्या त्याच पेटीत, चिठ्ठ्यांच्या खाली होत्या.

हा लेख त्या खालच्या ओळीविषयी आहे. मी डॉक्टर नाही, माझं बी.कॉम.सुद्धा दुसऱ्या वर्षालाच सुटलं. पण बोट काढल्यानंतरच्या महिन्यांत जे वाचायला मिळालं ते शब्दकोश शेजारी ठेवून वाचलं, आणि ज्या डॉक्टरांनी आणि आशाताईंनी वेळ दिला त्यांना विचारत गेलो. त्यातून एक गोष्ट हाती लागली, ती वाचकांपुढं ठेवतो.

साखर आणि आपली अंगकाठी

‘खात्यापित्या माणसाचा रोग’ ही मधुमेहाची जुनी ओळख आता पुसावी लागेल. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे आकडे २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटींहून जास्त लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. शहरांत मोठ्या माणसांमधलं प्रमाण १६.४ टक्के निघालं, तर खेड्यांत ८.९ टक्के. खेड्यातला आकडा कमी दिसतो, पण देशाची बहुतेक वस्ती अजून खेड्यातच राहते.

आमच्याकडं लोक हमखास विचारतात, “हडकुळ्या माणसाला कशी काय शुगर होती?” याचं उत्तर शोधण्यात पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं आयुष्य गेलं आहे. २००४ साली त्यांनी आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात स्वतःचीच मापं छापली. उंचीच्या तुलनेत वजनाचा निर्देशांक दोघांचाही अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. वरून सडसडीत आणि आतून चरबी जास्त, अशी ही आपली ठेवण. पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायांचा आणि त्यांच्या मुलांचा वर्षानुवर्षं मागोवा घेऊन त्यांनी दाखवलं, की ही ठेवण आईच्या पोटातच सुरू होते. तिथं पोषण कमी पडलं तर त्याची खूण पुढं राहते.

नेदरलँडमध्ये १९४४-४५च्या हिवाळ्यात उपासमार झाली होती. त्या काळात जे आईच्या पोटात होते, त्यांच्या शरीराला मोठेपणी साखर हाताळणं जड जातं असं पुढं आढळलं. हे वाचलं तेव्हा मी थबकलो. मी बहात्तरच्या दुष्काळातला. आई खडी फोडायला जायची आणि दुपारी सुकडी मिळायची, हे मी ऐकत आलो आहे. आक्का माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. ती त्या खडीवर आईसोबत होती. दुष्काळामुळंच आमच्या घरात साखर आली असं मी म्हणणार नाही, तसा पुरावा माझ्याकडं नाही. पण ‘खाण्यावर ताबा नाही म्हणून रोग झाला’ असं एखाद्याला बोल लावण्याआधी एवढं लक्षात ठेवावं.

वर्षाचे तास आणि डॉक्टरांची मिनिटं

वर्षाचे तास ८,७६०. मधुमेहाचा रुग्ण वर्षातून चार वेळा डॉक्टरकडं गेला आणि दर वेळी दहा मिनिटं मिळाली, तर झाली ४० मिनिटं. गर्दीच्या ओपीडीत दहा मिनिटंही मिळत नाहीत, पण धरू. उरलेल्या सगळ्या तासांत माणूस स्वतःचा डॉक्टर असतो. काय खायचं, किती हालचाल करायची, गोळी वेळेवर घ्यायची, पाय तपासायचे, चक्कर आली तर ओळखायचं, वर्षातून एकदा डोळे दाखवायचे. यालाच स्वतःची निगा म्हणतात. वैद्यकशास्त्रानं ती मोजूनही पाहिली आहे. ज्यांना मधुमेह होण्याची बरीच शक्यता होती, अशा लोकांवर चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांनी केलेला अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. खाणं-चालणं सुधारलेल्या गटात नव्या मधुमेहाचं प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटलं आणि मेटफॉर्मिनची गोळी घेणाऱ्या गटात २६.४ टक्क्यांनी. म्हणजे खालच्या ओळीला वरच्या ओळीइतकंच वजन आहे.

मग ती पाळली का जात नाही? शिकल्या-सवरल्या लोकांचं ठरलेलं उत्तर ‘अज्ञान’ असं असतं. मी आमच्या भागातल्या ज्या ज्या साखरेच्या रुग्णांशी बोललो, त्यांतल्या जवळपास सगळ्यांना गोड खाऊ नये हे ठाऊक होतं. अडचण दुसरीकडंच होती.

‘रोज चालणे’ घ्या. हळद काढणीच्या दिवसांत, जानेवारी ते मार्च, आमच्या बाया दिवसभर वाकून काम करतात. त्यांना चाला म्हणून सांगितलं तर त्या हसतात, आणि ते बरोबरच आहे. पण हळद शिजून, वाळून, ढोलातून निघून मोंढ्यात गेली, की एप्रिल-मेमध्ये त्याच बाया घरात बसून असतात. तेव्हा चालावं म्हटलं तर बाई विचारते, “रिकामी कुठं निघालीस असं कुणी इचारलं, तर काय सांगू?” खेड्यात बाई कामाशिवाय रस्त्यावर दिसत नाही. चालायला तिला निमित्त लागतं.

‘गोड बंद’ घ्या. रेशनवर गहू-तांदूळ मिळतो, ज्वारी विकत घ्यावी लागते, मग भाकरीची पोळी होते. पाहुण्याला बिनसाखरेचा चहा दिला तर घरचा अपमान होतो आणि पाहुण्यानं तो मागितला तरी होतो. दोन एकादश्या, त्यांची साबुदाण्याची खिचडी. ‘पायांची काळजी’ घ्या. रानात चप्पल चिखलात रुतते म्हणून काढून बांधावर ठेवतात. साखरेनं पायाच्या नसा बधिर झाल्या की काटा टोचलेला कळत नाही. आक्काला सोयाबीनचं धसकट लागलं होतं. सोंगणी चालू होती, दिवाळी तोंडावर होती, आणि दुखत नव्हतं म्हणून आठ दिवस तिनं पाहिलंच नाही.

आणि ‘ताण टाळा’. दाजी जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. घरात सून-मुलगा दिवसभर रानात. पूर्वी ती भजनी मंडळात टाळ घेऊन बसायची, ते दाजी गेल्यापासून सुटलं होतं. ताण टाळायला सांगणाऱ्या शिक्क्याला यातलं काय माहीत असणार?

दुसरी चिठ्ठी

याच अडचणीवर इंग्लंडमध्ये एक पद्धत रुजली आहे. तिथं तिला ‘सोशल प्रिस्क्रायबिंग’ म्हणतात. मी तिला ‘समाजाची चिठ्ठी’ म्हणतो. कल्पना साधी आहे. ज्या रुग्णाची गरज नुसत्या औषधानं भागणार नाही असं डॉक्टरला दिसतं, त्याला तो एका तिसऱ्या माणसाकडं पाठवतो. या माणसाला ‘लिंक वर्कर’ म्हणतात. आपण ‘दुवा’ म्हणू. दुवा रुग्णाशी निवांत बोलतो. तुम्हाला काय झालंय, हे डॉक्टरनं आधीच विचारलेलं असतं. दुवा विचारतो, तुम्हाला कशाची ओढ आहे, कशाची अडचण आहे? मग तो त्या माणसाला वस्तीतल्या एखाद्या ठिकाणाशी जोडून देतो. ते ठिकाण चालणाऱ्यांचा गट असेल, बागकाम असेल, गाण्याचा वर्ग असेल, कर्जाबद्दल सल्ला देणारं कार्यालय असेल. पहिल्या दिवशी तो सोबत जातो. नंतर विचारपूस करतो आणि काय झालं ते डॉक्टरला कळवतो.

पूर्व लंडनमधलं ब्रॉम्ली-बाय-बो हे केंद्र १९८४पासून अशा प्रकारचं काम करत आलं आहे. २०१९ साली तिथल्या सरकारी आरोग्यसेवेनं आपल्या दीर्घकालीन आराखड्यात ही पद्धत घेतली आणि दुव्यांना पगारी नेमणुका मिळू लागल्या. पगारी हा शब्द महत्त्वाचा आहे, त्याकडं पुन्हा येतो.

मधुमेहासाठी हे उपयोगी पडतं का? हिशेबाच्या माणसाला ताळेबंद पाहिल्याशिवाय चैन पडत नाही. इंग्लंडच्या ईशान्येला न्यूकॅसल शहर आहे. त्याच्या पश्चिम भागात गरिबी जास्त. २०१५पासून तिथं ‘वेज टू वेलनेस’ नावाची योजना चालली. दीर्घ आजार असलेल्या लोकांना दुवा मिळायचा. त्यातल्या टाइप-२ मधुमेहाच्या रुग्णांचा अभ्यास झाला. तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी जी एचबीए१सी तपासणी आहे, तिच्यात घट दिसली, पण लहान. संशोधक लोकांच्या घरी जाऊन बसले तेव्हा आणखी एक गोष्ट समोर आली. ज्यांची घडी मुळात थोडीफार बसलेली होती, त्यांना या योजनेचा फायदा सहज उचलता आला. कर्ज, घरभाडं, घरातलं आजारपण यांनी जे पिचलेले होते, त्यांना तो उचलता आला नाही.

आपल्या देशात केरळमध्ये तिरुवनंतपुरम जिल्ह्यात याच्या जवळचा एक प्रयोग झाला. मधुमेहाचा धोका असलेले १,००७ लोक, ६० मतदान केंद्रांच्या परिसरातले. निम्म्या ठिकाणी गावातल्याच माणसांना गटप्रमुख करून वर्षभर बैठका घेतल्या. परसबाग, योग, एकत्र चालणं असे उपक्रम जोडले. २०१८ साली निकाल आला. गट चालवलेल्या ठिकाणी १४.९ टक्के लोकांना मधुमेह झाला, इतर ठिकाणी १७.१ टक्के. हा फरक योगायोगाचाही असू शकतो, असं संशोधकांनीच प्रामाणिकपणे लिहिलं. फळं-भाज्या खाणं मात्र वाढलं आणि दारू कमी झाली.

तेव्हा ही जादू नाही. गोळ्या सोडून भजन करा असं सांगणारी तर मुळीच नाही. वरची ओळ जागेवर ठेवून खालची ओळ पोचवायची ही एक रीत आहे, आणि तिचा लाभ हळू व थोडा थोडा मिळतो.

जामखेडची आठवण

ही रीत परदेशी वाटू नये म्हणून जामखेडची आठवण देतो. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली तिथं ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावागावातल्या बाया, त्यांतल्या कितीतरी निरक्षर आणि दलित, आरोग्यसेविका म्हणून तयार केल्या. त्यांच्या सोबतीला शेतकरी मंडळं आणि महिला मंडळं उभी केली. आजाराचं मूळ पाण्यात, पिकात, बाईच्या एकटेपणात, जातीच्या उतरंडीत आहे हे त्यांनी धरून ठेवलं होतं. डॉक्टरकडून निघालेली गोष्ट सेविकेमार्फत मंडळात जायची आणि मंडळातली अडचण सेविकेमार्फत डॉक्टरपर्यंत परत यायची. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. इंग्लंडनं दुव्याला पगार आणि नाव दिलं, पण दुवा आपल्याकडं आधीच होता.

जामखेडनं तोंड दिलं ते मुख्यतः बाळंतपण, जुलाब, कुपोषण, कुष्ठरोग यांना. आजचा पाहुणा वेगळा आहे. तो एकदा आला की जन्मभर मुक्कामाला राहतो. अशा आजारात तर दुव्याची गरज जास्तच.

आक्काच्या गावात काय झालं

बोट काढून आक्का गावी गेली, तेव्हा जखम पाहायला गावच्या आशाताई यायच्या. एक दिवस मलमपट्टी झाल्यावर त्यांनी सहज विचारलं, “काकू, आधी तुमचा दिवस कसा जायचा?” आक्कानं टाळाची गोष्ट सांगितली. आशाताई म्हणाल्या, “मंग जात कामून नाहीत?”

“एकलीनं कामून जावं? आन् आता पाय बी असा.”

पुढच्या एकादशीला आशाताई शेजारच्या आळीतल्या एका बाईला घेऊन दारात उभ्या राहिल्या. त्या बाईलाही साखर होती. दोघींनी मारुतीच्या देवळापर्यंत जायचं आणि यायचं. अंतर फार नाही, पण देवळात जाणाऱ्या बाईला ‘कुठं निघालीस’ असं कुणी विचारत नाही. जे चालणं शिक्क्यानं सहा वर्षांत घडवलं नाही, ते टाळानं घडवलं. आठवड्यातून एकदाचं जाणं पुढं चार दिवसांवर आलं.

मग त्या मंडळात आणखी गोष्टी शिरल्या. सात-आठ जणींना साखर असल्याचं बोलता बोलता निघालं. तोवर प्रत्येकीला ती आपलीच लाज वाटत होती. मंडळाचा चहा बिनसाखरेचा झाला, ज्याला हवी त्यानं वरून घ्यावी. सगळ्यांचाच चहा तसा असल्यानं अपमानाचा प्रश्न मिटला. एकादशीला साबुदाण्याऐवजी भगर-आमटी आली, पण उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकारी मॅडमनी बजावलं, की भगरही पोटभर खाल्ली तर साखर वाढवतेच. आणि ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असताना कडक उपास केला तर साखर एकदम खाली जाऊ शकते, तेव्हा उपासाआधी विचारून घ्या. महिन्यातून एकदा भजन संपलं की बाया एकमेकींचे तळपाय पाहतात. भेग, फोड, काळा डाग. स्वतःचा तळवा स्वतःला दिसत नाही, विशेषतः साठीनंतर वाकता येत नाही तेव्हा. हे काम कोणत्याही यंत्रानं होण्यासारखं नाही.

वर्षभरात आक्काची तीन महिन्यांची साखर ९.८ वरून ७.९ वर आली. बहुतेक रुग्णांसाठी डॉक्टर सातच्या आसपासचं लक्ष्य ठेवतात, म्हणजे अजून वाट बाकी आहे. आणि या काळात ती गोळ्याही नियमित घेत होती. त्यामुळं घटीत टाळाचा वाटा किती आणि गोळीचा किती, हे मला वेगळं काढता येणार नाही. एवढं सांगतो, की गोळी सुरू ठेवायला तिला मंडळानंच लावलं. साखर नॉर्मल आली तरी गोळी बंद करायची नसते, हे डॉक्टरनं सांगितलं होतं, मी सांगितलं होतं. पटलं ते शेजारणीनं सांगितल्यावर.

फसलेलं खातंही लिहितो. त्याच गावात दाजींचे एक मित्र आहेत, त्यांनाही साखर. पुरुषांसाठी आशाताईंना असं ठिकाण सापडलं नाही. पारावर पत्ते, चहा आणि तंबाखू. ते दोन दिवस चालले आणि पारावर परतले. शिवाय सोंगणीच्या आणि हळदीच्या हंगामात बायांचं मंडळही ओस पडतं. आणि आशाताईंना लसीकरण, सर्वेक्षण, मोहिमा लागल्या की महिना महिना फिरकता येत नाही. त्यांनी आक्कासाठी जे केलं ते त्यांच्या कोणत्याही तक्त्यात बसत नाही. त्यांना कामागणिक मोबदला मिळतो, आणि या कामाचा रकाना नाही.

आपल्या हाताशी काय आहे

हिंगोली जिल्हा परभणीतून १ मे १९९९ रोजी वेगळा झाला. हिंगोली, कळमनुरी, वसमत, औंढा नागनाथ आणि सेनगाव असे पाच तालुके. मोठे दवाखाने मोजके, पण माणसांना एकत्र आणणाऱ्या जागा पुष्कळ. नामदेवांचं जन्मगाव मानलं जाणारं नर्सी इथलंच, त्यामुळं भजनी मंडळ नाही असं गाव सापडणं कठीण. बचत गट आहेत, तालमी आहेत, वाचनालयं आहेत, दिंड्या आहेत.

सरकारी बाजूलाही चौकट तयार आहे. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचा एक तक्ता आशाताई भरतात, त्याला ‘सीबॅक’ म्हणतात. वय, तंबाखू, दारू, कंबरेचा घेर, आठवड्याला १५० मिनिटांची हालचाल, घरात कुणाला साखर-बीपी आहे का, यांना गुण देतात. चारपेक्षा जास्त गुण झाले तर तपासणीला आधी पाठवायचं. त्याच तक्त्याच्या शेवटी दोन प्रश्न मनाचे आहेत: गेल्या दोन आठवड्यांत कशातच गोडी वाटेनाशी झाली का, उदास वाटतं का? दाजी गेल्यानंतरच्या वर्षात आक्काला हे दोन प्रश्न कुणी नीट विचारले असते, तर उत्तर ‘हो’ आलं असतं. आणि उत्तर आल्यावर तिला कुठं पाठवायचं होतं? तिथं कागद संपतो.

म्हणून माझं मागणं मोठं नाही. नवी इमारत नको, नवी योजनाही नको. चार गोष्टी हव्यात.

पहिली, प्रत्येक गावाची एका पानाची यादी. कोणतं मंडळ, कोणत्या वारी, किती वाजता बसतं. कोणत्या रस्त्यावर दिवे आहेत. सावलीची बसायची जागा कुठं आहे. निराधार योजनेचे कागद कोण करून देतं. ही यादी उपकेंद्राच्या भिंतीवर लागावी. दुसरी, खालची ओळ नेमकी लिहावी. ‘रोज चालणे’ असं न लिहिता ‘मंगळवार-शनिवार मारुतीचं देऊळ, अमुक बाईसोबत’ असं लिहावं. तिसरी, दुव्याच्या वेळेला मोल असावं. गावच्या आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीला वर्षाला १०,००० रुपयांचा मुक्त निधी मिळतो. त्यातून पुरेसा मोबदला निघणार नाही, पण सुरुवातीचा खर्च निघेल. मोबदल्याचा रकाना मात्र वरून यावा लागेल. गरिबाघरच्या बाईच्या फुकट श्रमावर उभी केलेली योजना दोन हंगाम टिकते, तिसऱ्याला बसते. चौथी, परतीची चिठ्ठी. मंडळात काय झालं, ते डॉक्टरला कळावं.

आणि तीन सावधगिऱ्या. आमचा जिल्हा हळदीचा, वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकनही आहे. त्यामुळं ‘हळदीचं पाणी प्या, शुगर जाते’ असं सांगणारे गल्लोगल्ली भेटतात. मी वीस वर्षं हळदीच्या पोत्यांत काढली. हळद भाजीत घाला, पण तिच्यासाठी गोळी सोडू नका. कारल्याच्या रसाचंही तेच. दुसरी, साखर असलेल्यानं श्रावणात औंढ्याला किंवा दिंडीत अनवाणी चालू नये. देव पायताणासकट पावतो. तिसरी, मंडळात कुणाची जात, कुणाचा धर्म आड येतो का, हे दुव्यानं आधी पाहावं. जिथं एका आळीची बाई बसू शकत नाही, ते ठिकाण तिच्या चिठ्ठीवर लिहून उपयोग नाही. तिच्यासाठी बचत गट असेल, अंगणवाडीचा ओटा असेल. यादी म्हणूनच एका ठिकाणाची नको.

मी स्वतः अशी एक यादी करायला घेतली आहे, आक्काच्या गावापुरती. पुरुषांचा रकाना अजून रिकामाच आहे. आशाताई म्हणतात, संध्याकाळी शाळेच्या मैदानात व्हॉलीबॉलचं जाळं बांधून पाहू, म्हातारे बघायला तरी चालत येतील.

गोळ्यांची पिशवी अजून मीच पाठवतो. फरक एवढाच झाला, की महिनाअखेरीला काळीपिवळीवाला रिकाम्या पट्ट्या परत आणून देतो. आक्कानंच ती पद्धत पाडली. मी त्या मोजतो आणि वहीत लिहितो. या दिवाळीला तिनं पट्ट्यांसोबत एक निरोप धाडला होता: सोंगणी उरकली, भजन परत सुरू झालं, आणि येताना नऊ नंबरची चप्पल घेऊन ये, शेजारणीची तुटली आहे.